आभाळातून काहीतरी पडलंय, आता त्याचा तपास कसा करायचा

पहिला प्रश्न हा विचारा, आणि गंमत म्हणजे हा जवळपास कुणीच विचारत नाही: ती वस्तू पडताना कुणी बघितली का? म्हणजे खरंच वरून खाली येताना, स्वतःच्या डोळ्यांनी. का रात्री आकाशात मोठा उजेड दिसला, सकाळी कुणाला तरी जमिनीवर एक विचित्र काळा दगड दिसला आणि लोकांनी दोन्हीची परस्पर गाठ मारून टाकली? दहातल्या बहुतेक वेळा दुसरंच असतं. दगड तिथे वर्षानुवर्षं पडलेला असतो, फक्त त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलेलं असतं. त्यामुळे "पडलेली वस्तू" आणि "सापडलेली वस्तू" हे दोन वेगळे कप्पे डोक्यात ठेवा आणि नीट पुरावा मिळेपर्यंत तुमच्या हातातली केस दुसऱ्या कप्प्यातच राहू द्या.

आता पुढचं सगळं सांगतो, पण आधी जिवाचं बघू.

लांबून बघा, खरंच लांबून

धातूची टाकी, गोळा, नळकांडं, जळकी प्लेट, वायरी लोंबतायत असलं काही असेल तर जवळ जाऊ नका, लोकांना पण मागे करा, आणि पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन करा. कारण एक म्हणजे ते लष्करी असू शकतं, न फुटलेलं असू शकतं, आणि न फुटलेल्या दारूगोळ्याला "हे काय आहे बघू" म्हणून काठीने ढोसणारे महाभाग प्रत्येक गर्दीत एक तरी असतातच. दुसरं म्हणजे रॉकेट आणि उपग्रहांच्या टाक्यांमध्ये हायड्रॅझीन नावाचं इंधन असू शकतं, ते भयंकर विषारी असतं, त्याला अमोनियासारखा वास येतो आणि तो वास आपल्या नाकाला कळतोय म्हणजे सुरक्षित मर्यादा आधीच ओलांडली गेलेली असू शकते, तेव्हा "वास घेऊन बघतो" हा प्रयोग करायचा नाही. वारा आपल्या पाठीकडून वस्तूकडे वाहतोय अशा बाजूला उभं राहायचं. तिसरं कार्बन फायबर. काळं, धाग्याधाग्याचं, कडेला फाटलेलं दिसतं आणि हाताला लागलं की बारीक कुसळं घुसतात, श्वासातून गेली तर अजून वाईट.

किरणोत्सर्गाची भीती लोकांना सगळ्यात जास्त वाटते, आणि खरं सांगायचं तर ती शक्यता सगळ्यात कमी असते, पण शून्य नाही. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत युनियनचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह त्याच्यातल्या छोट्या अणुभट्टीसकट कॅनडाच्या वायव्य भागावर कोसळला होता आणि कॅनडा-अमेरिकेच्या टीम्सनी महिनोन्‌महिने बर्फात त्याचे किरणोत्सारी तुकडे शोधले होते. असलं प्रकरण अगदी विरळा, पण धातूची अनोळखी वस्तू असेल तर तपासणाऱ्या लोकांना येऊ द्या, तुमचा गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) नसेलच ना घरी. साध्या आकाशातल्या दगडापासून मात्र या बाबतीत काही धोका नसतो.

अजून एक, हे वस्तू पडायच्या आधीचं आहे पण सांगितलंच पाहिजे. आकाशात अचानक डोळे दिपवणारा उजेड झाला तर काही मिनिटं खिडकीपासून लांब राहा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जो स्फोट झाला तो साधारण ३० किलोमीटर उंचीवर झाला, आवाजाचा धक्का शहरात पोहोचायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि तेवढ्यात लोक "कसला उजेड झाला" म्हणून खिडक्यांशी येऊन उभे राहिले होते. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी.

हात लावायच्या आधी नोंदी

धोका नाही असं नक्की वाटलं, म्हणजे दगड आहे, बर्फ आहे किंवा फोमचा डबा आहे, तरी पण लगेच उचलू नका. इथे जी माहिती जाते ती परत मिळत नाही. मोबाईल काढा आणि आधी लांबून चारही दिशांनी फोटो घ्या, मग जवळून, मग शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून. मोबाईलचं लोकेशन चालू असू दे. तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत लिहा, "संध्याकाळी जेवणाच्या सुमारास" असलं नको. जमिनीला खड्डा पडलाय का, किती खोल, कुठल्या बाजूला माती उडालीय, फांदी मोडलीय का, छप्पर फुटलंय का, फुटलं असेल तर भोकाची आणि खालच्या खुणेची रेघ जोडली तर ती कुठल्या दिशेने येते. ही रेघ फार कामाची असते.

खड्ड्याबद्दल लोकांची कल्पना सिनेमातली असते. हाताच्या मुठीएवढा दगड वातावरणात एवढा मंदावतो की शेवटी तो साध्या वरून टाकलेल्या दगडासारखाच पडतो, ताशी काहीशे किलोमीटर वेगाने, त्यामुळे मऊ मातीत वीतभर खळगा आणि कडक जमिनीवर फक्त एक पांढरी खूण, एवढंच मिळतं. छोटा दगड आणि त्याच्याभोवती भला मोठा गोल खड्डा असं दिसलं तर उलट संशय घ्या. गवत जळलं, आग लागली, दगड लालबुंद होता, धूर येत होता, हे सांगणारे पण खूप भेटतील. अशनी (आकाशातून जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला अशनी म्हणतात, आकाशात दिसते ती उल्का) पेटलेला पडत नाही, त्याचं चमकणं वरच संपतं, मग तो काही मिनिटं थंड हवेतून पडत असतो आणि आतून तर अवकाशातल्या थंडीचाच असतो. हाताला कोमट लागेल फार तर. त्यामुळे "आग लागली होती" ही साक्ष अशनीच्या विरोधातली समजा, बाजूची नाही.

साक्षी घेणं, हे सगळ्यात जास्त किचकट काम

माणसं खोटं बोलत नाहीत हो, पण डोळे फसवतात आणि रात्रीतून चार लोकांनी एकमेकांशी बोललं की सगळ्यांची एकच गोष्ट तयार होते. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं भेटा आणि लवकर भेटा. त्यांना ते उभे होते त्याच जागेवर घेऊन जा, "किती अंशावर होतं" असं विचारू नका, हाताने दाखवायला सांगा. सुरुवात कुठे, शेवट कुठे. मग तुम्ही मोबाईलच्या होकायंत्राने दिशा मोजा (गाडीपासून आणि लोखंडी गेटपासून लांब उभं राहून, नाहीतर होकायंत्र काहीही दाखवतं) आणि उंची मुठीने मोजा, हात सरळ ताणून धरला की मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते. कितीही ढोबळ वाटलं तरी हे "खूप वर होतं" पेक्षा शंभरपट चांगलं. आणि "हिरवा होता ना?" असं विचारायचं नाही, "रंग कुठला होता?" असं विचारायचं, कारण पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

आता ती सगळ्यात मोठी फसवणूक. "अहो इथेच, त्या झाडांच्या मागे पडलं, मी स्वतः बघितलं." हे वाक्य जगात सगळीकडे ऐकायला मिळतं. हिशोब करून बघा. दगडी उल्केचा उजेड साधारण २० किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीवर विझतो. कुणाला तो क्षितिजापासून एका मुठीएवढ्या उंचीवर, म्हणजे १० अंशांवर विझताना दिसला असेल तर तो त्या माणसापासून किमान ११० किलोमीटर लांब होता. अर्ध्या मुठीवर विझला असेल तर जवळपास दोनशे. झाडांच्या मागे नाहीच, दुसऱ्या जिल्ह्याच्या पण मागे. उजेड प्रखर असला की मेंदू त्याला जवळ आणून ठेवतो, दुसरं काही नाही. म्हणून एका गावातल्या पन्नास साक्षींपेक्षा शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातली एक साक्ष जास्त मोलाची, दोन ठिकाणांहून दिशा मिळाल्या की नकाशावर दोन रेघा मारून छेद बघता येतो.

आवाजाचं पण विचारा. उजेड आणि आवाज यात किती वेळ गेला? आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे डोक्यावर ३० किलोमीटर उंचीवर फुटलेल्या उल्केचा आवाज दीड मिनिटाने येणार. उजेड आणि धडाम एकदमच झालं असं सगळे सांगत असतील तर ट्रान्सफॉर्मर, फटाका, वीज असलं काहीतरी जवळचं शोधा.

सीसीटीव्ही, गाडीचा डॅशकॅम, दाराच्या बेलचा कॅमेरा, हे सगळं पहिल्याच दिवशी मागून घ्या कारण बऱ्याच सिस्टीम्स जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतात. उल्का थेट दिसली नसली तरी चालेल, खांबांच्या सावल्या सरकताना दिसल्या तरी त्यावरून दिशा काढता येते. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते लगेच मोबाईलच्या वेळेशी ताडून लिहून ठेवा, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

किती वेळ दिसलं?

हा प्रश्न वेगळा काढला कारण यातून निम्मी केस सुटते. अवकाशातून येणारे खडक वातावरणात शिरताना सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येतात, कधीकधी ७० च्या वर. त्यामुळे खेळ काही सेकंदांत आटोपतो. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा, म्हणजे रॉकेटचे टप्पे, निकामी उपग्रह, हा आठ किलोमीटरच्या आतच असतो आणि जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो आकाशात सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, तुकडे तुकडे होत, मागे शेपट्या सोडत जातो आणि कधी मिनिटभर सुद्धा दिसतो. लोकांना व्हिडिओ काढायला आरामात वेळ मिळाला असेल आणि त्यात एकामागे एक दिव्यांची रांग चाललेली असेल तर दगड शोधत फिरू नका, धातू शोधा.

मग ऑनलाइन बघा. एरोस्पेस कॉर्पोरेशन नावाची अमेरिकेतली संस्था परत येणाऱ्या रॉकेट-उपग्रहांची यादी ठेवते, स्पेस-ट्रॅक या साइटवर पण नोंदी मिळतात. फक्त अंदाज आणि प्रत्यक्षात एका तासाचा जरी फरक पडला तरी ती वस्तू तेवढ्यात २८ हजार किलोमीटर पुढे गेलेली असते, म्हणून आधी दिलेला अंदाज धरून बसू नका, नंतर अपडेट झालेली वेळ बघा आणि कक्षेची रेघ तुमच्या भागावरून त्या मिनिटाला जात होती का ते तपासा. उल्केसाठी इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनचा फॉर्म आहे, तिथे तुम्ही पण नोंद करा आणि दुसऱ्यांच्या नोंदी पण बघा.

साध्या गोष्टी आधी बाद करा

बर्फाचा गोळा पडला असेल तर. गारा किती मोठ्या होतात याला मर्यादा आहे, २०१० साली अमेरिकेत साउथ डाकोटातल्या व्हिवियनला सापडलेली प्रचंड गार २० सेंटिमीटर रुंद होती आणि तिचं वजन ९०० ग्रॅमच्या आत होतं. त्यामुळे निरभ्र आकाशातून दहा किलोचा गोळा आला तर आधी विमान आठवा. विमानाच्या टाकीची गळती वर थंडीत गोठत जाते आणि खाली उतरताना सुटते, निळसर असेल तर संडासातलं रसायन. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या फाजिलपूर बादली गावात असाच मोठा गोळा पडला, लोकांनी आकाशातलं काहीतरी दुर्मिळ म्हणून तुकडे घरी नेले, काहींनी फ्रीजमध्ये ठेवले, आणि मग अधिकाऱ्यांनी तो विमानातला गोठलेला मैला असावा असा संशय व्यक्त केला. तर तपासाला तुकडा ठेवायचाच असेल तर ग्लोव्हज घाला, बंद पिशवीत घाला आणि जेवणाच्या फ्रीजमध्ये नको. त्या वेळेचं विमान कुठलं होतं हे फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर मागे जाऊन बघता येतं.

पांढरा फोमचा किंवा प्लास्टिकचा छोटा डबा, लांब दोरी, फाटलेलं रबर, कधी लहानसं पॅराशूट: हा हवामान खात्याचा रेडिओसाँड. जगभरातून रोज ठरलेल्या वेळेला, ०००० आणि १२०० यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) निरीक्षणासाठी फुगे सोडतात, ते ३० किलोमीटरच्या वर जाऊन फुटतात आणि डबा खाली येतो. त्यावर बहुतेक वेळा लेबल असतंच, वाचा फक्त. लुकलुकणाऱ्या दिव्याने आणि अँटेनाने लोक उगाच घाबरतात. तसं बघितलं तर फुग्यांनी मोठमोठ्यांना चकवलंय, १९४७ चं अमेरिकेतलं रॉझवेल प्रकरण आठवा, जिथे उडती तबकडी पडली म्हणून गाजावाजा झाला, त्यातला ढिगारा प्रोजेक्ट मोगल या गुप्त फुग्यांचा होता हे अमेरिकेच्या हवाई दलाने १९९४ मध्ये जाऊन सांगितलं. मधल्या पन्नास वर्षांत काय काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे.

लाल पाऊस, जाळीसारखे पांढरे तंतू, असल्या गोष्टींना मायक्रोस्कोप लागतो, दुसरं काही नाही. २००१ मध्ये केरळात जो लाल पाऊस पडला त्यात ट्रेंटेपोहलिया या शेवाळाचे बीजाणू निघाले. तंतू बहुतेक वेळा हवेत तरंगत जाणाऱ्या कोळ्यांचे असतात. स्वच्छ बाटलीत थोडं गोळा करा, तारीख लिहा, कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात द्या, झालं.

धातू असेल तर

अवकाश कचऱ्यात काय टिकतं हे माहिती असलं की ओळख सोपी होते. अॅल्युमिनियम बहुतेक वितळून जातं. टायटॅनियम १६६८ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे दाबाखालच्या गॅसच्या गोल टाक्या, मोटरची कवचं, रिंगा, हेच खाली पोहोचतं. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलेली मोठी रिंग आणि आजूबाजूच्या भागात सापडलेले गोळे आठवत असतील, ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचे असावेत असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं होतं. ३० डिसेंबर २०२४ ला केन्यातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाची आणि ५०० किलोची रिंग पडली. दोन्हीकडे आकार बघा, रिंग. असला गोल, मशीनवर कातलेला, बोल्टांची भोकं असलेला आकार निसर्ग करत नाही.

मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडात नेपल्सला एका घराचं छप्पर आणि जमीन फोडून एक छोटं नळकांडं आत आलं, सातशे ग्रॅमचं. नासाने ते केनेडी स्पेस सेंटरला नेऊन मोजलं, मिश्रधातू तपासला, इन्कोनेल निघाला, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून २०२१ मध्ये सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पॅलेटचा तो खांब आहे हे सिद्ध केलं. त्यात घरच्यांचं काम काय होतं? वस्तू जपून ठेवणं आणि नेमकी वेळ सांगणं, घराच्या कॅमेऱ्यात धडाम आवाज रेकॉर्ड झाला होता आणि पॅलेट त्याच सुमारास मेक्सिकोच्या आखाताकडे येत होतं. बघा, पुन्हा वेळच.

म्हणून धातूच्या वस्तूवर घरगुती प्रयोग करू नका. नंबर, अक्षरं, वेल्डिंगचे जोड, धाग्यांचे विणकाम, जळाल्याच्या बाजू, एवढ्याचे फोटो लांबून झूम करून घ्या. विमानाचा भाग असेल तर त्यावर पार्ट नंबर बहुतेक वेळा असतोच, तो विमान वाहतूक अधिकाऱ्यांना कळवा, कारण कुठलंतरी विमान तो भाग नसताना उडत असू शकतं.

दगड असेल तर

आता माझ्या आवडीचा भाग, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, लोहचुंबक लावू नका. हो, सगळीकडे हेच सांगतात की चुंबक लावून बघा, आणि बहुतेक अशनी खरोखर चिकटतात कारण त्यात लोह-निकेल असतं. पण हल्लीचे निओडिमियमचे जोरदार चुंबक दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसून टाकतात. मंगळावरून आलेला एनडब्ल्यूए ७०३४ हा प्रसिद्ध अशनी आहे, त्यातली ४४० कोटी वर्षांपूर्वीच्या मंगळाच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद लोकांनी हातातले चुंबक लावून लावून घालवली असं संशोधकांना आढळलं. त्यापेक्षा साधं होकायंत्र दगडाजवळ न्या आणि सुई हलते का बघा, काम तेच होतं.

दुसरी गोष्ट, धुऊ नका. पाणी आतल्या लोखंडाला गंजवतं आणि काही अशनींमधली क्षारं तर पाण्यात विरघळूनच जातात. ग्लोव्हज नसतील तर स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलने उचला, त्यातच गुंडाळा, कोऱ्या झिप पिशवीत घाला, कोरड्या जागी ठेवा. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंग्लंडमध्ये विंचकोम इथे एका घरासमोरच्या गाडी लावायच्या जागेवर काळा भुगा पडला होता, घरच्यांनी सकाळीच तो स्वच्छ पिशव्यांत भरला, पडल्यापासून बारा तासांच्या आत. तो कार्बनयुक्त दुर्मिळ अशनी निघाला, आणि पावसाचं पाणी न लागता मिळाल्यामुळे त्यातलं मूळचं पाणी मोजता आलं. ताजेपणाचा अजून एक फायदा, अवकाशातल्या किरणांमुळे दगडात तयार झालेली काही समस्थानिकं दिवसांत-आठवड्यांत संपून जातात, ती लॅबमध्ये मोजायची तर दगड लवकर पोहोचायला हवा.

आता डोळ्यांनी बघा. ताज्या दगडी अशनीवर काळी, बहुधा मंद, कधी चकचकीत अशी साल असते, एक मिलिमीटरपेक्षा पातळ. एखादा कोपरा पडताना फुटला असेल तर आतला रंग फिका राखाडी दिसतो आणि त्यात धातूचे बारीक ठिपके चमकतात, बऱ्याचदा मिलिमीटरभराचे गोल दाणे पण दिसतात, त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात आणि ते पृथ्वीवरच्या खडकांत नसतात. दाणे दिसले की खुश व्हायला हरकत नाही. काही अशनींवर, खास करून लोखंडी, ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. कडा टोकदार नसतात, पण अगदी चेंडूसारखा गोल पण नसतो, गोटीसारखा तंतोतंत गोल असला तर तो दळणयंत्रातला लोखंडी गोळा किंवा पृथ्वीवरचाच खनिजाचा गोळा असण्याची शक्यता जास्त.

बुडबुडे असले तर जवळपास विषय संपला. आत भोकं, फेसाळ, काचेरी, हलका: ही भट्टीतली धातुमळी, स्लॅग. अशनीच्या नावाने लोक जे दगड घेऊन येतात त्यात ही फार मोठ्या प्रमाणात असते, कारण ती काळी असते, वितळलेली दिसते, कधी चुंबकाला पण चिकटते आणि रस्त्यांच्या भरावात, रेल्वेमार्गाच्या कडेला कुठेही पडलेली असते. पांढरे स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ ठळक दिसत असेल तरी तो पृथ्वीचाच.

मग रेघेची चाचणी. घरातल्या टाइलची मागची, चमक नसलेली बाजू घ्या आणि दगडाची एखादी आधीच फुटलेली कड त्यावर घासा. तांबडी रेघ आली तर हेमटाइट, ठळक काळी आली तर मॅग्नेटाइट, ही दोन्ही लोहखनिजं लोकांना सगळ्यात जास्त फसवतात. रेघ आलीच नाही किंवा अगदी फिकट राखाडी आली तर पुढे जायचं. (ताजी साल असलेला, पडताना बघितलेला दगड असेल तर घासू पण नका, थेट तज्ज्ञांकडे.)

घनता मोजायची असेल तर पाण्याऐवजी बारीक कोरडे काचेचे मणी वापरा, भांडं मण्यांनी सपाट भरा, मणी ओतून ठेवा, दगड ठेवून परत भरा, जेवढे उरले तेवढं दगडाचं आकारमान. दगडाचं वजन त्याने भागा. साध्या दगडी अशनीची घनता घनसेंटिमीटरला ३ ते ३.७ ग्रॅमच्या आसपास येते, लोखंडी असेल तर ७ ते ८. २.७ च्या आसपास आली तर साधा खडक असण्याचीच शक्यता जास्त.

आणि निकेल. लोखंडी अशनीत निकेल असतंच, म्हणून निकेलची चाचणी लोक करतात आणि गुलाबी रंग आला की नाचतात. पण स्टेनलेस स्टीलमध्ये पण निकेल असतं ना! जानेवारी २००७ मध्ये न्यू जर्सीत फ्रीहोल्डला एका घराचं छप्पर फोडून बाथरूममध्ये धातूचा तुकडा आला, पडण्याबद्दल शंकाच नव्हती, तज्ज्ञांनी बघून लोखंडी अशनी म्हणून सांगितलं सुद्धा, आणि काही महिन्यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो माणसाने बनवलेल्या स्टीलचा निघाला. तर घरगुती चाचण्यांनी फक्त "नाही" म्हणता येतं, "हो" म्हणायचं काम लॅबचं, आणि लॅबच्या पण पहिल्या नजरेचं नाही.

कुणाला कळवायचं आणि मालक कोण

दगड असेल तर देशाची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग, जवळचं तारांगण. मेलमध्ये चार चांगले फोटो, वजन, जागा, वेळ, साक्षीदारांच्या दिशा आणि होकायंत्राचं काय झालं एवढं लिहा. "हा अशनी आहे, किती किंमत येईल" अशी सुरुवात केलीत तर उत्तर येईलच असं नाही, त्या लोकांना असले मेल रोज येतात. तुकडा तोडून विकायला येणाऱ्यांना पण लांब ठेवा निदान तपास होईपर्यंत. एक सापडला असेल तर आजूबाजूला अजून असतील, उल्का ज्या दिशेने गेली त्या दिशेला मोठे तुकडे पुढे आणि बारीक मागे असे एका लांबट पट्ट्यात पसरतात, तर त्या रेघेवर शोधा, फक्त दुसऱ्याच्या जमिनीत विचारून जा.

अशनी कुणाचा याला जगभर एक नियम नाही, कुठे जमीनमालकाचा, कुठे सरकारचा, डेन्मार्कमध्ये तर सरकारी संग्रहालयाला द्यावाच लागतो आणि बक्षीस मिळतं. आपल्या ठिकाणचा कायदा आधी विचारून घ्या. अवकाश यानाच्या तुकड्याचं मात्र स्पष्ट आहे: १९६७ च्या अवकाश करारानुसार वस्तू खाली पडली म्हणून मालकी बदलत नाही, ती सोडणाऱ्याचीच राहते, आणि १९६८ च्या करारानुसार ज्या देशात पडली त्याने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं असतं. त्यामुळे रिंग भंगारात विकली तर ती दुसऱ्या देशाची मालमत्ता विकल्यासारखं होतं. उलट बाजूने, १९७२ च्या करारात जमिनीवर झालेल्या नुकसानाची जबाबदारी सोडणाऱ्या देशावर पूर्णपणे टाकलीय, चूक कुणाची हे सिद्ध करायची पण गरज नाही, पण दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो. कॉसमॉस ९५४ साठी कॅनडाने ६० लाख डॉलरच्या वर बिल लावलं, १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर मिटलं. (१९७९ मध्ये नासाच्या स्कायलॅब या अवकाश स्थानकाचे तुकडे ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या परिसरात पडले तेव्हा तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याचा ४०० डॉलर दंड ठोकला होता, तो एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून पैसे जमवून २००९ मध्ये भरला.) म्हणून छप्पर फुटलं असेल तर दुरुस्ती करायच्या आधी फोटो, पंचनामा आणि बिलं नीट जपून ठेवा.

दगड खरंच अशनी निघाला तर त्याला अधिकृत नाव मिळतं, सापडला त्या जागेचं, तुमचं नाही. ते मिटिऑरिटिकल सोसायटी देते, आणि त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. बाकीचा कायद्याने तुमचा असेल तर परत मिळतो, पण नमुना हातात देतानाच वजन आणि परतीचं लेखी घ्या.